वितळलेल्या काचेचं गाव

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. जुन्या काचेवर काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "काच म्हणजे वितळवलेली वाळू. भट्टीत सगळं एकजीव झाल्यावर ती मूळची कुठली, हे कसं कळणार?" परवा शेजारच्या काकूंनी गळ्यातली काळी पोत पुढे धरून हेच विचारलं. दारात उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहिलं, ते इथे पुरं करते.

रोमन काळातला पेला जिथे फुंकला गेला, तिथेच त्याची काच तयार झाली असेल, असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा तसं नसतं. काच करणारे वेगळे आणि तिला आकार देणारे वेगळे. वाळू आणि नॅट्रॉन टनांच्या हिशेबानं भट्टीत वितळवायचं, गार झाल्यावर भट्टी फोडायची आणि काचेची ढेकळं जहाजात भरून दूर धाडायची. नॅट्रॉन म्हणजे इजिप्तमधल्या वादी नत्रूनच्या तळ्यांतला क्षार, आपल्या पापडखाराचा भाऊबंद. इस्राएलमध्ये हदेराजवळ अशा 17 भट्ट्या सापडल्या आहेत. बेत शेआरीमला तर सुमारे 9 टनांचा काचेचा एक ठोकळा गुहेत जागच्या जागी पडून आहे. चुना जास्त झाला आणि काच नीट जमलीच नाही. एवढं सरपण, एवढी माणसं राबलेली! त्यांच्यासाठी मला आजही वाईट वाटतं.

म्हणजे पेल्याचा घाट कारागिराचं गाव सांगतो, काचेचं नाही. काचेचं गाव शोधायला समस्थानिकं लागतात, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू.

स्ट्रॉन्शियम या धातूचा स्वभाव चुन्यातल्या कॅल्शियमसारखा. जिथे चुना, तिथे तो असतोच. त्यातला स्ट्रॉन्शियम-87 खडकातल्या रुबिडियमपासून अतिशय सावकाश तयार होतो. हा किरणोत्सारी रुबिडियम-87 निम्मा व्हायला सुमारे 4,900 कोटी वर्षं लागतात. म्हणून स्ट्रॉन्शियम-87 आणि तेवढाच राहणारा स्ट्रॉन्शियम-86 यांचं गुणोत्तर खडकाच्या वयाप्रमाणे आणि जातीप्रमाणे बदलतं. भट्टी ते पुसू शकत नाही. आग अणूंची मांडणी मोडते, अणुकेंद्राला तिचा हात पोचत नाही. दोघांच्या वजनातला फरकही इतका थोडा, की एक उडून गेला आणि दुसरा मागे राहिला असं होत नाही.

आजच्या समुद्राच्या पाण्यात हे गुणोत्तर सगळीकडे 0.7092 च्या आसपास असतं आणि शिंपल्यांतही तेच उतरतं. नॅट्रॉनच्या काचेत हा आकडा आला, की तिचा चुना किनाऱ्यावरच्या शिंपल्यांचा, हे कळतं. पण कुठल्या किनाऱ्यावरचा? समुद्र तर सगळा एकच बोलतो.

इथे निओडिमियम कामाला येतो, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. वाळूतल्या काळसर, जड खनिजांत हा धातू असतो आणि त्याच्याही समस्थानिकांचं गुणोत्तर खडकाच्या वयाप्रमाणे आणि जातीप्रमाणे बदलतं. इथिओपियाचं पठार आपल्या सह्याद्रीसारखंच लाव्हाच्या थरांचं, काळ्या बेसाल्टचं. तिथला गाळ नाईल भूमध्य समुद्रात आणून टाकते आणि प्रवाह तो पूर्वेकडच्या किनाऱ्यानं वर वाहून नेतात. त्यामुळे पूर्व भूमध्याच्या वाळूत तरुण बेसाल्टची खूण उमटते. पश्चिमेकडच्या वाळूत सहसा जुन्या खडकांची. युरोपात सापडलेला काचतुकडा आफ्रिकेतल्या डोंगराची साक्ष देतो!

पण इजिप्त आणि लेव्हांत (इस्राएल, लेबनॉन, सीरियाचा किनारा) या दोन्ही किनाऱ्यांना वाळू नाईलचीच. तिथे निओडिमियम अडतो. 2020 मध्ये डेन्मार्कच्या ऑर्हुस विद्यापीठातल्या संशोधकांनी जॉर्डनमधल्या जेराशच्या काचेत हाफ्नियम मोजला आणि ही अडचण सोडवली. हाफ्नियम हा धातू झिरकॉन या खनिजाच्या कणांत असतो. ते कण जड. वाटेत मागे पडतात, लेव्हांतपर्यंत कमी पोचतात, म्हणून दोन्हीकडच्या काचेतला हाफ्नियमचा आकडा वेगळा येतो. सम्राट डायोक्लेशियनच्या 301 सालच्या दरपत्रकात अलेक्झांड्रियाची काच लेव्हांतमधल्या ज्यूडियाच्या काचेपेक्षा महाग लावलेली आहे. अँटिमनी हे मूलद्रव्य घालून नितळ केलेली रोमन काच इजिप्तचीच, हे या मोजणीनं पुढे आलं. त्या दरपत्रकातलं नाव व्यापाऱ्यानं उगाच लावलेलं नव्हतं.

एक गोष्ट मी प्रत्येकाला बजावून सांगते: ही पद्धत "नाही" ठामपणे म्हणते, "हो" जपून. आकडा जुळला म्हणजे गाव सापडलं असं नाही. त्या आकड्याचं दुसरं गाव असू शकतं. त्यात जुनी काच पुन्हा वितळवायचे. इटलीत ग्रादोजवळ बुडालेल्या एका रोमन जहाजावर फुटक्या काचेनं भरलेलं पिंप सापडलं. दोन गावांची काच मिसळली की आकडा मधेच कुठेतरी पडतो, आणि तिथे गाव नसतंच.

शिवाय तपासलेला कण परत मिळत नाही. काही मिलिग्रॅम काच हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवावी लागते. म्हणून अखंड वस्तूला हात लावू नये, आधीच फुटलेला तुकडा घ्यावा, आणि तोही प्रश्न पक्का झाल्यावरच, या मतावर मी ठाम आहे.

काकूंच्या पोतीला हे सगळं लागू नाही. आजच्या काचेतला सोडा बहुधा कारखान्यातून येतो. पण रेवदंड्याशेजारच्या चौल या जुन्या बंदराच्या काचमण्यांना शिंपल्याचा आकडा लावूनही चालत नाही. भारतातल्या अशा जुन्या काचेत ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड) भरपूर असतो आणि सोडा येतो तो खारवट जमिनीवर फुटणाऱ्या पांढऱ्या क्षारातून. त्याच घडणीचे, युरेनियमचा अंश जरा जास्त असलेले मणी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सापडले आहेत. हे काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी पोत बोटांत धरून विचारलं, "एवढासा मणी समुद्रापार गेला?" गेला, काकू.