'जाचक' हा शब्द कोणाचा?

गेल्या जानेवारीत बारावीच्या सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका वाटल्यानंतर दुसऱ्या दिवशी, मधल्या सुट्टीत, एक विद्यार्थिनी शिक्षककक्षाच्या दारात येऊन उभी राहिली. सुप्याच्या बाजूच्या एका वाडीवरून एसटीने येणारी, वर्गात फारसे न बोलणारी ही मुलगी उत्तरपत्रिका घेऊन आली म्हणजे गुणांविषयी काही म्हणणे असणार, हे उघड होते. उताऱ्यांच्या प्रश्नाला मी तिला 4 पैकी 2 आणि दीर्घोत्तरी प्रश्नाला 8 पैकी 3 गुण दिले होते. मी घड्याळाकडे पाहिले आणि तिला बसायला सांगितले. पुढचा पाऊण तास ती उभीच राहिली.

प्रश्नपत्रिका मी स्वतः काढली होती. विषय 1875 च्या दख्खनच्या दंग्यांचा. ज्या सुप्यात 12 मे 1875 रोजी रयतेने सावकारांच्या आणि दुकानदारांच्या घरांवर चाल करून वह्या आणि कर्जरोखे जाळले, ते सुपे आमच्या निम्म्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या वाटेवर आहे. त्यामुळे मुले हा प्रश्न आवडीने सोडवतील, अशी माझी समजूत होती. दोन उतारे दिले होते. पहिला, पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने 16 मे रोजी पोलीस आयुक्तांना लिहिलेल्या पत्राचा. आपण शनिवारी 15 तारखेला सुप्यास पोहोचलो, एका सावकाराचे घर जाळले गेले आहे, डझनभर घरे फोडून लुटली आहेत, हिशेबाचे कागद, रोखे, धान्य आणि कापड रस्त्यात जाळल्याचे राखेचे ढीग अजून दिसत आहेत, 50 माणसे पकडली आहेत, असे तो कळवतो. आणि शेवटी लिहितो की, नुकसान अंदाजे 25,000 रुपयांवर आहे, सावकार मात्र ते एक लाखावर असल्याचे सांगतात. दुसरा उतारा तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या, कर्जत तालुक्यातील मिरजगावच्या एका रयतेने कलेक्टरकडे केलेल्या अर्जाचा. सावकार आम्हाला रोखीच्या भावापेक्षा 25 ते 50 टक्के चढ्या दराने माल देतात, शेतातले पीक घेऊन जातात, खात्यावर जमा करू असे सांगतात पण करत नाहीत, आणि नेलेल्या पिकाची पावतीही देत नाहीत, अशी त्याची तक्रार. दोन्ही कागद दंग्यांच्या चौकशी आयोगाच्या इंग्रजी दफ्तरातले. मराठी मी केलेले.

बहुतेकांनी जे केले ते दरवर्षीचेच होते. दिलेला उताराच वाक्यांची अदलाबदल करून पुन्हा लिहून काढायचा आणि शेवटी 'यावरून रयतेचे हाल दिसून येतात' असे जोडायचे. दोन आकड्यांत फरक का, या प्रश्नावर निम्म्याहून अधिक मुलांनी 'सावकारांचे एक लाखाचे नुकसान झाले' असे ठाम विधान करून टाकले होते. उताऱ्यात काय लिहिले आहे हे परीक्षकाला माहीत असते. तो विचारत असतो की हे कोणी, कधी, कोणासाठी लिहिले आणि त्यामुळे त्यावर कितपत भार टाकता येईल. हे मी वर्षभर सांगतो. तरीही परीक्षेच्या दिवशी हात आपोआप नकलेकडे वळतात, कारण नक्कल करताना पान भरत जाते.

या मुलीने पान भरले नव्हते. आकड्यांबद्दल तिने चारच ओळी लिहिल्या होत्या. पहिल्या दोन अपेक्षित होत्या: अधिकारी तीन दिवसांनी पोहोचला, त्याने प्रत्यक्ष दंगा पाहिला नाही, राख पाहिली; आणि सावकारांना आकडा फुगवण्यात स्वारस्य होते. त्यापुढे, समासाला चिकटवून, तिने लिहिले होते, 'जळालेल्या रोख्याची किंमत कागदाची धरायची की त्यावरच्या कर्जाची, हे उताऱ्यात नाही.' ही ओळ तपासताना मी वाचलीच नव्हती. माझ्या आदर्श उत्तरात दोन मुद्दे होते, दोन सापडले, मी खूण केली आणि पुढे गेलो. आता तिच्यासमोर बसून ती ओळ वाचताना लक्षात आले की, कदाचित कोणीही खोटे बोलत नसेल. एकाने घरे आणि माल मोजला असेल, दुसऱ्याने त्यासोबत राख झालेली येणी. सावकाराची खरी मालमत्ता वह्यांतच होती आणि रयतेने नेमक्या वह्याच मागितल्या होत्या.

मी लाल शाईने तो गुण वाढवला. पण ती त्यासाठी आली नव्हती.

"सर, दुसऱ्या उताऱ्याचा गुण का कापला?"

तिने लिहिले होते की, अर्जदार रोख्याच्या अटींना 'जाचक' म्हणतो. हा शब्द नुसती माहिती देणाऱ्याचा नाही, गाऱ्हाणे मांडणाऱ्याचा आहे, म्हणून त्याच्या सांगण्यातल्या भावनेचा भाग बाजूला काढून टक्के आणि पावती या तपासता येण्याजोग्या गोष्टींकडे पाहावे. पद्धत म्हणून यात काहीच चूक नव्हती. मी मात्र 'शब्दाचा फार अर्थ काढला आहे' असा शेरा मारला होता.

समजावून सांगण्यासाठी मी इंग्रजी मजकूर काढला. तिथे अटी नुसत्या 'कठीण' होत्या. 'जाचक' हा शब्द मी घातला होता. रात्री भाषांतर करताना तो सहज सुचला असणार, कारण आपण सावकारी म्हटली की जाच म्हणतोच. या मुलीने आयुष्यात प्रथमच एका ऐतिहासिक साधनातला शब्द हातात घेऊन तोलून पाहिला, आणि तो शब्द 1875 च्या शेतकऱ्याचा नसून तिच्या मास्तरांचा निघाला.

मी तिला तसे सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग तिने विचारले की, मिरजगावचा माणूस इंग्रजीत कुठे बोलला असेल, मग 'कठीण' तरी त्याचा कशावरून? मूळ अर्ज मराठीतच असणार, तो कोणा लिहिणाऱ्याने त्याच्यासाठी लिहिलेला असण्याचा संभव, मग त्याचे इंग्रजी, आणि त्या इंग्रजीचे माझे मराठी. एवढ्या हातांतून फिरलेल्या कागदाच्या सुरावरून मी मुलांना भावना ओळखायला सांगत होतो. टक्के आणि पावती मात्र या सगळ्या प्रवासात टिकल्या होत्या.

राहिला दीर्घोत्तरी प्रश्न: '1875 चे दंगे सावकारांच्या पिळवणुकीमुळेच झाले. चर्चा करा.' या वाक्यातला सगळा प्रश्न 'च' या अक्षरात आहे. तो काढला तर विद्यार्थ्याने पिळवणुकीची यादी द्यावी. तो ठेवला तर इतर कारणे तराजूत घालून मग निर्णय द्यावा. 44 पैकी तिघांनीच त्या 'च'ची दखल घेतली होती, आणि त्यांतली एक ही. चौकशी आयोगाने सरकारी सारा हे कारण नाही आणि दोष सावकारांचा आहे असा निष्कर्ष काढला. पण आयोग सरकारचाच होता आणि साऱ्याची आकारणीही सरकारचीच, असे तिने पहिल्याच परिच्छेदात लिहिले होते. सुरुवात उत्तम. पुढे मात्र पुरावाच नव्हता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 पासून कापसाला आलेली तेजी आणि 1865 नंतर ती ओसरल्यावर सावकारांनी आखडता घेतलेला हात. त्याच सुमारास, तीस वर्षांची मुदत संपल्यावर झालेल्या नव्या आकारणीत 50 ते 100 टक्क्यांनी वाढवलेला सारा. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने रोखे तीनच वर्षे ग्राह्य ठरल्यावर, रयतेच्या संरक्षणासाठी केलेल्या त्याच कायद्याचा आधार घेऊन दर तीन वर्षांनी व्याजासह नवा रोखा लिहून घेण्याची सावकारांनी पाडलेली रीत. यांपैकी एकही गोष्ट तिच्या उत्तरात नव्हती. शंका योग्य होती, पण शंकेला 8 गुण देता येत नाहीत. मी 3 चे 4 केले आणि का ते सांगितले. तिला ते पटल्यासारखे दिसले नाही, तरी तिने वाद घातला नाही.

दुसऱ्या उताऱ्याचा कापलेला गुण मी परत दिला, आणि त्या दिवशी उरलेल्या 43 उत्तरपत्रिका पुन्हा मागवून घेतल्या. त्यांतल्या सहा जणांनी 'जाचक' या शब्दावर काही ना काही रचले होते. सहकाऱ्यांनी यावरून माझी पुरेशी थट्टा केली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक उताऱ्याखाली मूळ भाषा कोणती आणि भाषांतर कोणाचे, ही ओळ छापलेली असते.

यंदाच्या पहिल्या चाचणीत महात्मा फुले यांच्या मूळ मराठी लेखनातला उतारा दिला होता आणि खाली तशी ओळही होती. तरी 11 जणांनी उत्तराची सुरुवात 'हे भाषांतर असल्यामुळे यावर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही' या वाक्याने केली. त्यांचा अर्धा अर्धा गुण मी कापला आहे.