अण्णांचा शब्दकोश आणि कान्याचा माग

माझे वडील, अण्णा, २००५ साली गेले. सातारा जिल्ह्यातल्या शाळांमध्ये मास्तरकी करता करता त्यांनी शेतीचे शब्द कार्डांवर लिहून जमवले होते. नांगराचं रुमणं, पेरायच्या पाभरीचं चाडं, मोटेचा नाडा, सोंदूर, थारोळं. मी तेव्हा पुण्यात डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर मजकूर लावायचं काम, करायचे. दिवसा लग्नपत्रिका आणि गाइडं, रात्री अण्णांची कार्डं. २००१-०२ मध्ये सुमारे २,३०० नोंदी मी पेजमेकर ६.५ या पानं लावायच्या प्रोग्राममध्ये टाइप केल्या. विंडोज ९८, मराठी टायपिंगसाठी सी-डॅकचं आयएसएम आणि सुरेख हा फाँट.

पुस्तक छापायचं राहून गेलं. कार्डं गावाकडच्या माळ्यावर वाळवीनं खाल्ली. त्या मशीनची हार्ड डिस्कही गेली. उरली ती २००४ मध्ये लिहिलेली एक सीडी आणि अण्णांनी लाल पेनाने तपासलेली पहिली चाळीस प्रूफं. मागच्या वर्षी ती सीडी घातली, तर फाइल कॉपी होता होता निम्म्यावर अडकली. काढून उजेडात धरली, तर चकाकीला काठाकडून टाचणीएवढी भोकं पडलेली होती.

पहिल्या दिवशी मी सीडी पुसून पुन्हा पुन्हा घालत बसले. तसं करू नये. भाच्याने ती हातातून काढून घेतली आणि म्हणाला, "मावशी, आता हिला कमीत कमी वेळा फिरवायचं." त्याने लिनक्सवर डीडीरेस्क्यू लावलं. हा प्रोग्राम आधी सहज वाचता येतं तेवढं उचलतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि मग त्यांच्याकडे वळून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. रात्रभर ड्राइव्ह घरघरत होता. सकाळी १४ एमबीच्या फाइलमधले २३ सेक्टर, म्हणजे सीडीवरचे साठवणीचे कप्पे, सोडून बाकी सगळं हाती आलं. सीडीच्या एका सेक्टरमध्ये २,०४८ बाइट मावतात, म्हणजे ४६ केबी गेले होते आणि त्या जागी नुसती शून्यं होती. ती प्रत आम्ही तीन ठिकाणी ठेवली आणि पुढचं सगळं काम चौथ्या प्रतीवर केलं.

व्हर्च्युअलबॉक्स या, संगणकातच दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये विंडोज ९८ बसवलं, त्यात पेजमेकर घातलं. फाइल उघडली की 'बॅड रेकॉर्ड इंडेक्स' एवढंच यायचं. पेजमेकरमध्ये बिघडलेली फाइल दुरुस्त करायची एक छुपी सोय आहे. ती चालवली की एक बीप म्हणजे दोष नाही, दोन म्हणजे दोष सापडला आणि काढला, तीन म्हणजे सापडला पण काढता आला नाही. डीटीपीच्या दिवसांत त्या दोन बीपनी माझी कितीतरी कामं तारली होती. पण त्यासाठी फाइल आधी उघडायला लागते, आणि इथे तीच उघडत नव्हती. लिबरऑफिस या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्येही २०१५ पासून पेजमेकरच्या फाइली उघडता येतात. तिथे कोरं पान आलं.

मग फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचा एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडली. डावीकडे आकड्यांच्या जोड्या, उजवीकडे त्यांची इंग्रजी अक्षरं. दोन दिवस मला त्यातलं काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी एका ठिकाणी नजर थांबली. डोक्यावर तिरकी रेघ असलेला कॅपिटल ई तिथे ओळीने, सारखा सारखा येत होता. हा तर काना! सुरेख फाँट नसलेल्या मशीनवर आमची फाइल उघडली की पानभर हेच ई दिसायचे, ते एकदम आठवलं.

हे नीट सांगते, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. त्या काळचे मराठी फाँट अक्षर साठवत नसत, अक्षराचे तुकडे साठवत. आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये 'न' हे एक अक्षर आहे. सुरेखमध्ये तो अर्धा न आणि पुढे काना असा दोन बाइटांचा. 'नाडा' लिहिला की अर्धा न, काना, काना, मग दोन तुकड्यांचा ड आणि शेवटी पुन्हा काना, असे सहा बाइट होतात, त्यातले तीन काने. कान्याचा क्रमांक हेक्समध्ये, म्हणजे त्या डावीकडच्या जोड्यांत, सी-नाइन. चित्रांच्या, फाँटांच्या किंवा पानांच्या मांडणीच्या माहितीत सी-नाइन इतका दाट कशाला येईल? मराठी मजकुरात मात्र तो येणारच, आणि पेजमेकर मजकूर सलग तुकड्यांत, साध्या बाइटांतच ठेवतं. भाच्याने पायथॉनमध्ये पंधरा-वीस ओळींचा प्रोग्राम लिहिला. शंभर बाइटांमध्ये पंधरापेक्षा जास्त काने असतील तो पट्टा वेगळा काढायचा, एवढंच त्याचं काम. फाइलमधून असे एकशे बारा तुकडे निघाले. पहिला तुकडा युनिकोडमध्ये बदलल्यावर पडद्यावर 'शिवळ' आलं. बैलाची मान जिच्यात अडकते ती जुवाची खुंटी. अण्णांचं वाक्य जसंच्या तसं होतं, शेवटी कंसात गावाचं नाव. मी उठून आत गेले आणि थोड्या वेळाने परत आले.

तुकडे बदलताना वेलांटीने फार छळलं. या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, जशी ती दिसते तशी. रफार अक्षराच्या नंतर. सेक्टर मध्येच तुटला की वेलांटी एका तुकड्याच्या शेवटी एकटी राहते आणि तिचं अक्षर शून्यांत गेलेलं असतं. कन्व्हर्टर ती वेलांटी पुढच्या भलत्याच अक्षराला लावून मोकळा होतो. म्हणून तुकड्यांची दोन्ही टोकं मी हाताने तपासली, मूळ बाइट समोर ठेवून.

तुकडे जुळवताना एक गोष्ट ध्यानात आली. बऱ्याच नोंदी दोनदा, काही तर चारदा येत होत्या. पेजमेकरमध्ये नुसतं सेव्ह केलं की बदल फाइलच्या शेवटी जोडले जातात, जुनं आत तसंच पडून राहतं आणि फाइल फुगत जाते. सेव्ह अ‍ॅज केलं की ती नव्याने लिहिली जाते आणि जुनं निघून जातं. प्रेसला फाइल देताना सेव्ह अ‍ॅज करायचं, हा आमच्या धंद्यातला नेम होता. ही फाइल प्रेसला गेलीच नाही, म्हणून तिच्या पोटात वर्षभराचे जुने खर्डे राहिले होते.

'धाव' हा शब्द त्यामुळे वाचला. एका प्रतीत नोंद 'गाडीच्या चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी' इथेच संपत होती, पुढे शून्यं. पण धावेचा दुसरा अर्थ, मोट ओढणारे बैल विहिरीपासून ज्या उतारावर पुढे-मागे चालतात तो, आमच्याकडचा खास. तो जुन्या खर्ड्यात पुरा सापडला. अर्थात जुना खर्डा डोळे मिटून घेता येत नव्हता, कारण अण्णांनी नंतर दुरुस्त्या केल्या होत्या. बदल शेवटी जोडले जात असले, तरी फाइलमधल्या नुसत्या जागेवरून नवं-जुनं ठरवायची खात्री वाटेना. मग ती चाळीस प्रूफं काढली. लाल पेनाची दुरुस्ती ज्या तुकड्यात उतरली होती तो नवा, नव्हती तो जुना. त्यावरून नोंदी मागे-पुढे लावत गेले. या कामाला सात महिने लागले.

शेवटी एकोणीस नोंदी कुठल्याच प्रतीत पुऱ्या मिळाल्या नाहीत. त्यातल्या सगळ्यात जास्त पाभरीच्या. गावी तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, फोन लावला. ते चौऱ्याऐंशीचे आहेत.

"तात्या, पाभरीचं चाडं कसं असायचं, सांगता का?"

"चाडं वर. त्याला भोकं. मुठीनं बी सोडायचं, ते भोकातनं नळ्यात, नळ्यातनं फणात, फणातनं भुईत. आगं, तुज्या बापानं हे माज्याकडनंच लिवून घेतलं हुतं."

ते सांगत गेले तसं मी लिहीत गेले. नोंदीच्या शेवटी कंसात अण्णांच्या पद्धतीने गावाचं नाव घातलं आणि पुढे तात्यांचं. एकोणीसपैकी सतरा अशा भरल्या. दोन शब्द तात्यांनाही ओळखू आले नाहीत. ते मी अर्धवट दिसतात तसेच ठेवलेत, पुढे मोकळी जागा सोडून. सगळा कोश आता साध्या युनिकोड मजकुरात आहे. दिवाळीला मोठ्या अक्षरांतली एक प्रत छापून गावी नेणार आहे. तात्या म्हणालेत, "लाल पेन बी आण."