आमची वाटचाल : लाकडी खोकी आणि लांबचे रस्ते

वाळूजच्या एमआयडीसीत २००६ साली पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलं तेव्हा आमच्याकडे एक कटर, दोन रंधे आणि भंगारातून आणलेल्या खोक्यांचा ढीग होता. कंपनीत परदेशातून मशीन आलं की ते पाइनच्या खोक्यातून येतं. मशीन बसलं की खोकं भंगारवाल्याकडे. आम्ही ते किलोवर घ्यायचो, खिळे उपटायचो, चांगल्या फळ्या निवडून इथल्या कारखान्यांना पॅलेट, म्हणजे माल ठेवायचे लाकडी पाट, करून द्यायचो.

फळीच्या कोपऱ्यात एक शिक्का असायचा. एका बाजूला गव्हाची ओंबी, दुसऱ्या बाजूला देशाची दोन अक्षरं. डीई म्हणजे जर्मनी, केआर म्हणजे कोरिया, सीएन म्हणजे चीन. वडील, म्हणजे आमचे अण्णा, पैठणजवळच्या गावात बैलगाड्या करायचे. चाकाचा तुंबा, आरे, वरची लोखंडी धाव यांत हयात गेलेला माणूस. पाइनची फळी हातात तोलून ते म्हणाले, "हे लाकूड का चिपाड?" पण शिक्का त्यांनीही निरखून पाहिला.

त्या शिक्क्याचा अर्थ आम्हाला उशिरा कळला. लाकडातून किडे एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम झाला. गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं टिकवायचं, मगच 'एचटी' (हीट ट्रीटमेंट) उमटवायचं. प्लायवूडला हे लागत नाही, अखंड लाकडाला लागतं. सुरुवातीला आम्ही हे काम बाहेरून करून घ्यायचो. नंतर कर्ज काढून लाकूड तापवायचा स्वतःचा चेंबर बसवला, रीतसर मान्यता घेतली आणि आमच्या फळीवर 'आयएन' उमटलं. त्या दिवशी शेडमध्ये पेढे वाटले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१३ मध्ये, आम्ही तोंडावर आपटलो. कंटेनर भरताना खोकी हलू नयेत म्हणून मध्ये पाचरी ठोकतात. त्या संध्याकाळी पाचरी कमी पडल्या. गाडी उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. आमच्या एका पोरानं शेडमागची बाभळीची फांदी तोडली आणि झकास पाचर करून ठोकली. साल तशीच ठेवली. युरोपातल्या एका बंदरावर तपासणीत तेवढी एकच पाचर सापडली, आणि तिच्यात जिवंत अळी. कंटेनर अडकला. धुरीचा खर्च, जागेचं भाडं, गिऱ्हाइकाची बंद पडलेली लाइन, हे सगळं डेबिट नोट होऊन आमच्याकडे आलं. सहा महिन्यांची कमाई त्यात गेली. सोबत एक फोटो होता : पाचर, आणि सालीची रुंदी दाखवायला शेजारी ठेवलेली मोजपट्टी. तो फोटो अजून चेंबरच्या दारावर चिकटवलेला आहे. आता पाचरीसुद्धा चेंबरमधून निघालेल्या लाकडाच्याच, शिक्का मारून, मोजून देतो.

त्या दहा-बारा दिवसांत मला पैशांपेक्षा जास्त खटकलं ते वेगळंच. त्या बंदराच्या गावात फोन करायला ओळखीचं कुणीच नव्हतं. ईमेल लिहायचा आणि वाट बघायची.

म्हणून मे २०१५ मध्ये औरंगाबाद आणि चीनमधल्या दुनहुआंगचा भगिनी-शहर करार झाल्याची बातमी मी जरा जास्तच लक्ष देऊन वाचली. जोडी शोभणारी होती. त्यांच्याकडे मोगाओची लेणी, आपल्याकडे अजिंठा-वेरूळ. ते रेशीम मार्गावरचं ठाणं, तर आपलं पैठण सातवाहनांची राजधानी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात पैठण भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर आहे, तेर तिथून पूर्वेला आणखी दहा दिवस. पैठणचे मौल्यवान खडे आणि तेरचं कापड गाड्यांतून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं. हे अण्णांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "धाव किती दिवस टिकायची ते लिहिलंय का?"

खरं सांगायचं तर त्या करारातून आमच्याकडे एकही खोकं आलं नाही, आणि तशी आशाही नव्हती. लेण्यांच्या नात्यानं झालेला करार तो. मुंबईचं श्टुटगार्टशी १९६८ पासून असंच नातं आहे. अशा करारात आमच्यासारख्याला हवी असते एकच ओळ : माल अडकला तर तिकडे फोन कुणाला करायचा.

रस्त्यांचं मात्र लगेच जाणवतं. मनमाडची लाइन ब्रॉडगेज होईपर्यंत प्रत्येक पोतं तिथं एका डब्यातून दुसऱ्यात टाकावं लागायचं, हे आमचे जुने ट्रान्सपोर्टवाले अजून रंगवून सांगतात. आज माळीवाड्याच्या कंटेनर डेपोत कस्टमचं काम इथल्या इथे होतं. ५ जून २०२५ ला समृद्धीचा शेवटचा टप्पाही खुला झाला आणि ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. गाडी सकाळी भरायची घाई संपली, आम्ही संध्याकाळपर्यंत खोकी देऊ शकतो.

समुद्रावरचंही इथं वाळूजमध्ये कळतं. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत भारत-मध्यपूर्व-युरोप कॉरिडॉरची घोषणा झाली आणि महिनाभरात तिकडे युद्ध पेटलं. वर्षअखेरीपासून जहाजं तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालू लागली. माल जास्त दिवस पाण्यावर, म्हणजे दमट हवेचा मार जास्त. गिऱ्हाइकांनी ड्रॉइंग बदलली : ओल शोषणाऱ्या पुड्या वाढवा, गंजरोधक पिशवी जाड घ्या, तळाच्या फळ्या उंच करा. खोक्यामागचा खर्च आमच्याकडे वाढला, दर वाढवून मिळायला चार महिने लागले.

सध्या घरात वाद आहे तो जालन्याचा. तिथल्या दरेगावला ड्राय पोर्टची, म्हणजे समुद्रापासून दूर जमिनीवरच्या बंदराची, पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली. धाकटा म्हणतो, शेजारी जागा आत्ताच घेऊन ठेवू. मी म्हणतो, आधी आपल्या एका तरी गिऱ्हाइकाचा माल तिथून निघू दे. अण्णा ऐकतात, बोलत काही नाहीत. परवा मात्र त्यांनी धाकट्याला म्हटलं, "रविवारी गाडी काढ, जागा बघून येऊ."