सड्यावरच्या वेधशाळेची पहिली सहा वर्षे

१९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू रोज संध्याकाळी समुद्राच्या बाजूला दिसत होता, आणि तो पाहायला रत्नागिरीजवळच्या आमच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, जमणारी माणसे धूमकेतू गेल्यावरही जमत राहिली. आमचे खगोल मंडळ असे सुरू झाले. संस्था म्हणून नोंदणी करायची तर १८६० च्या कायद्याप्रमाणे किमान सात सभासद लागतात. आम्ही सहाच होतो, म्हणून सातवे सभासद म्हणून माझ्या आतेभावाला गळ घातली. त्याला नक्षत्रांत रस नव्हता, पण तो गवंडीकाम करणारा होता आणि पुढे सर्वांत उपयोगी तोच पडला. नोंदणीच्या कार्यालयात ‘खगोल’ हा शब्द वाचून आम्ही पत्रिका पाहणार का, असा प्रश्न दोन वेळा आला. तेवढे सोडले तर कागदपत्रांविषयी सांगण्यासारखे काही नाही.

दुर्बीण आम्ही स्वतः घासली. सहा इंच व्यासाच्या काचेच्या दोन चकत्या एकमेकींवर ठेवून, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून, पिंपाभोवती फिरत घासायचे; वरची चकती हळूहळू खोलगट होते, आणि तीच पुढे दुर्बिणीचा आरसा होते. १२०० मिलिमीटर नाभीय अंतरासाठी, म्हणजे आरशापासून तेवढ्या अंतरावर ताऱ्याचा प्रकाश एकत्र यावा यासाठी, मध्यभागी खोली लागते ती जेमतेम १.२ मिलिमीटर, पण शेवटच्या पॉलिशमध्ये पृष्ठभागाची चूक मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापेक्षा कमी राहावी लागते. ती चूक फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोच्या १८५८ सालच्या पद्धतीने, एक दिवा आणि दाढीचे पाते एवढ्यावर तपासता येते, याचे मला आजही नवल वाटते.

आरसा सहा महिन्यांत झाला. वेधशाळेला त्याच्या कित्येक पट वेळ लागला, कारण आमच्याजवळची पुस्तके आणि आराखडे आमच्यापेक्षा पुष्कळ उत्तरेकडच्या देशांतले होते. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर दिसतो तितका त्या ठिकाणाचा अक्षांश असतो. आमच्याकडे तो साधारण १७ अंश. दुर्बिणीचा मुख्य अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो, म्हणून आमचा अक्ष जवळजवळ आडवाच झाला, आणि पुस्तकातल्या चित्राबरहुकूम केलेले, दुर्बिणीचा तोल राखणारे बैठकीचे वजन फिरताना खांबावर आपटू लागले. खांबाचा वरचा भाग तोडून पुढे झुकवावा लागला.

त्याहून मोठी चूक छपराची. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, त्यांवर लोखंडी अँगलचे रूळ, आणि रुळांवरून सरकणारे पत्र्याचे छप्पर अशी योजना होती. दक्षिण आणि पश्चिम मोकळी राहावी म्हणून छप्पर उत्तरेकडे सरकेल असे केले. पहिल्या रात्री ते सरकवले आणि त्याच्या आड नेमका ध्रुवतारा गेला! ज्या ताऱ्यावर दुर्बीण लावायची तोच दिसेना. आतेभावाने एक शब्दही न बोलता दुसऱ्या दिवशी चिरे उकलायला घेतले, आणि रूळ पूर्वेकडे गेले. दुर्बिणीचा खांब मात्र त्याने पहिल्यापासूनच जमिनीच्या कोब्यापासून बोटभर फट ठेवून वेगळा उभारला होता. त्यामुळे आत कोणी चालले तरी प्रतिमा हलत नाही.

नंतर पाऊस. मृगापासून चार महिने आकाश बंद, हे आम्हाला ठाऊकच होते. आरशाचे काय होईल हे नव्हते. पहिल्या पावसाळ्यात तो दुर्बिणीतच राहिला आणि गणपतीपर्यंत खाऱ्या, दमट हवेने त्याच्या ॲल्युमिनियमच्या मुलाम्याला टाचणीच्या टोकाएवढी भोके पाडली. मुलामा शहरातून पुन्हा करून आणावा लागला. तेव्हापासून मेअखेरीस आरसा काढून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, निळ्या सिलिका जेलसह ठेवतो. खडे गुलाबी झाले की ओल भरली असे समजून एका जुन्या, स्वयंपाकातून बाद केलेल्या तव्यावर ते पुन्हा निळे होईपर्यंत तापवतो.

कोकणातल्या हौशी निरीक्षकाला एक तक्रार मात्र करू द्यावी. शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले ते जुलै १९९४ मध्ये, आणि मंगळ पृथ्वीच्या सर्वांत जवळ, साधारण ५.५८ कोटी किलोमीटरवर आला तो २७ ऑगस्ट २००३ रोजी. दोन्ही ऐन पावसात. त्या वर्षी ऑक्टोबरात आरसा डब्यातून बाहेर काढला, रुळांवरचा गंज घासला आणि चौघांनी रेटून छप्पर पूर्वेला सरकवले. मंगळ तोवर बराच दूर गेला होता, तरी तबकडीवरचे काळसर डाग ओळखता येत होते. निरीक्षण-वहीत त्या रात्रीची पहिली नोंद आतेभावाच्या हातची आहे: ‘छप्पर सरकले. ध्रुव दिसतो.’