अधिक चिन्हाचं टेस्टिंग

जुलैमधली दुपार. सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी, मध्य रेल्वे ठप्प, आणि अंधेरीच्या ऑफिसात आम्ही सात-आठ जण अडकलेले. क्लायंटचा सर्व्हरही देखभालीसाठी बंद. हाताखालच्या दोन ट्रेनींना म्हटलं, बसलाच आहात तर एक इंटरप्रिटर लिहा, म्हणजे एखाद्या भाषेतला प्रोग्राम वाचून चालवणारा प्रोग्राम.

प्रोग्रामिंगची भाषा दिली एच-क्यू-नाइन-प्लस. क्लिफ बिफलने २००१ साली निव्वळ थट्टा म्हणून केलेली. आज्ञा चारच. एच आला की ‘हॅलो, वर्ल्ड!’ छापायचं. क्यू आला की प्रोग्रामने स्वतःचाच मजकूर छापायचा. एरवी याला क्वाइन म्हणतात आणि तो लिहिताना भल्याभल्यांचं डोकं उठतं, इथे एका अक्षरात काम. ९ आला की बिअरच्या ९९ बाटल्यांचं, एकेक बाटली कमी होत जाणारं इंग्रजी गाणं अख्खं. आणि अधिक चिन्ह आलं की अ‍ॅक्युम्युलेटर, म्हणजे आत साठवलेला एक आकडा, एकने वाढवायचा. संपली भाषा. दोन आणि दोन किती, हेही हिला विचारता येत नाही.

ट्रेनींपैकी लालबागच्या पोराने वीस मिनिटांत पायथनमध्ये लिहून दाखवलं. एक लूप, चार इफ. तेवढ्यात आमची टेस्टर चहाचा कप घेऊन मागे येऊन उभी राहिली. तिला कोड दाखवणं म्हणजे सासूला भाजी चाखायला देणं.

“क्यूची फाइल किती बाइटची?”

“एक.”

“आउटपुट?”

दोन निघाले. पायथनचा प्रिंट शेवटी आपणहून नवी ओळ जोडतो, म्हणजे प्रोग्रामने छापलं ते तंतोतंत स्वतःला नव्हेच. मग तिने गाण्याचा शेवट काढला. तिथे ‘वन बॉटल्स’. “एक बाटल्या म्हणतं का रे कोणी?” पोरगं मुकाट्याने दुरुस्तीला बसलं.

खरी पंचाईत पुढे झाली. “दादा, हे अधिक मी टेस्ट कसं करू?” टेस्टरने मला विचारलं.

अ‍ॅक्युम्युलेटर वाढतो, पण तो दाखवणारी आज्ञाच भाषेत नाही. पोराने वाढवणारी ओळ काढून टाकली. सगळ्या टेस्ट पास. परत घातली. तरी पास. मी म्हटलं, फरक दिसत नाही तर नसली तरी चालेल. ती म्हणाली, स्पेकमध्ये, म्हणजे भाषेच्या लेखी नियमांत, आहे म्हणजे हवीच. चालू प्रोग्रामच्या आतलं दाखवणाऱ्या डीबगरमध्ये बघ म्हटलं, तर म्हणे तो पुरावा पायथनचा झाला, या भाषेचा नाही. तासभर हेच.

वाद घालता घालता मला आमच्या रात्रीच्या रिपोर्टचा जॉब आठवला. त्यात एक काउंटर आहे, मीच कधीतरी घातलेला. शोधून पाहिलं, नाव दोनच ठिकाणी सापडलं: एकदा शून्य करताना, एकदा एकने वाढवताना. वाचत कोणीच नव्हतं. सहा वर्षं, रोज रात्री.

टेस्टर पडद्याकडे बघत राहिली. मग आपल्या जागेवर जाऊन तिने चुकीची नोंद करणारं तिकीट टाकलं, माझ्याच नावावर. अपेक्षित निकाल: काही नाही. प्रत्यक्ष निकाल: काही नाही.