अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी

कॅनडातल्या मिसिसॉगात मी इमिग्रेशन सल्लागाराचं काम करते. लोक माझ्याकडे बहुतेक दोन वेळा येतात, अर्ज भरायच्या आधी आणि नकार आल्यावर. मधला जो काळ असतो, अर्ज जमा झाल्यापासून पीआर, म्हणजे कायमचा रहिवास, हातात पडेपर्यंतचा, त्याबद्दल कुणी काही विचारत नाही. अर्ज गेला, फी भरली, पोच आली. आता फक्त वाट बघायची, असं सगळ्यांनी मनाशी धरलेलं असतं. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान याच काळात होतं. आणि ते होताना दिसत नाही.

२९ एप्रिल २०२५ची सकाळ. आदल्याच दिवशी कॅनडाची निवडणूक झाली होती आणि ऑफिसात सगळे त्याच गप्पांत होते. दहाच्या सुमारास एक तरुण पेढ्यांचा खोका घेऊन आला. कोल्हापूरचा, इथेच शिकलेला, इथेच नोकरीला लागलेला. त्याने पीआरचा अर्ज एक्स्प्रेस एंट्रीतून, म्हणजे शिक्षण आणि नोकरीच्या गुणांवर निवड होते त्या मार्गाने, स्वतःच भरला होता आणि तो मंजूर झाला होता. माझ्याकडे तो आला होता आईवडिलांच्या सुपर व्हिसाची, म्हणजे त्यांना इथे लांब मुक्कामाला बोलवायच्या व्हिसाची, चौकशी करायला. त्या व्हिसासाठी बोलावणारा मुलगा किंवा मुलगी पीआर किंवा नागरिक असावी लागते, म्हणून इतके दिवस थांबला होता.

नव्या माणसाची माहिती मी एका कागदावर उतरवून घेते. नाव, जन्मतारीख, लग्न, बायको कुठे. बायको कोल्हापूरला, माहेरी. मुलं?

"एक मुलगी," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा उजळला. "पाडव्याच्या आधी झाली. पाच आठवड्यांची आहे. म्हणून तर आई-बाबांना आणायचंय ओ ताई."

मी पेन खाली ठेवलं. "अर्जात तिचं नाव कळवलंस का?"

"अर्ज ऑक्टोबरात गेला की. तेव्हा ती कुठं होती?"

"ते मला कळलं. झाल्यावर कळवलंस का?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "डॉक्टरांना माहीत होतं की."

हे त्याचं म्हणणं नीट समजून घ्यायला हवं, कारण त्यात लबाडी नव्हती. त्याचा अर्ज गेला तेव्हा मेडिकल अर्जानंतर व्हायची. २१ ऑगस्ट २०२५पासून एक्स्प्रेस एंट्रीवाल्यांना ती आधी करून अर्जासोबत जोडावी लागते. तर पोच आल्यावर बायकोला मेडिकलचं पत्र आलं. ती तेव्हा पाच महिन्यांची गरोदर. अकरा वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या प्रत्येकाला छातीचा एक्स-रे काढावा लागतो, आणि गरोदर बाईला विचारतात, बाळंतपणानंतर काढायचा की पोटावर संरक्षक कवच घेऊन आत्ताच. तिने आत्ताच काढला. कॅनडाने नेमलेल्या डॉक्टरने हे सगळं नोंदवलं. तेव्हा यांची समजूत झाली की इमिग्रेशन खात्याला कळलं. पण डॉक्टरचं काम तब्येत तपासून अहवाल पाठवण्याचं. बाळ जन्मलं, ते अमुक तारखेला, ते आमच्या कुटुंबात आहे, हे सांगणं अर्जदाराचं काम. ते दुसरं कुणी करत नाही.

मी विचारलं, "मंजुरीचे मेल आलेत, त्यांचं काय केलंस?"

पहिल्या मेलला उत्तर देऊन झालं होतं. दुसऱ्या मेलमधून पोर्टलचं खातं उघडायचं होतं. तिथे फोटो चढवायचा, पत्ता घालायचा, दिलेली माहिती खरी असल्याचं सांगून शेवटची संमती द्यायची. ती संमती गेली की थोड्या दिवसांत कायमच्या रहिवासाचं प्रमाणपत्र येतं आणि माणूस पीआर होतो. बायकोला पासपोर्ट व्हिसा केंद्रात द्यायचं पत्र आलं होतं, तिने अजून दिला नव्हता.

"पोर्टलवर काही केलंयस?"

"उद्या अक्षय्य तृतीया हाय नव्हं. आई म्हणाली, एवढं थांबलास, एक दिवस अजून थांब. उद्या सकाळी करणार होतो."

साडेतीन मुहूर्तांतल्या एका मुहूर्तावर त्याच्या आईची श्रद्धा होती, म्हणून ते पोर्टल अजून उघडलेलं नव्हतं. एवढी वर्षं हे काम करतेय, पण पेढ्यांच्या खोक्याकडे बघून माझे हात त्या दिवशी गार पडले.

त्याच्या डोक्यातला बेत साधा होता. आधी आपण पीआर होऊ, बायको येईल, मग मुलीला स्पॉन्सर करू, म्हणजे कुटुंब म्हणून इथे बोलावून घेऊ. तान्हं बाळ आहे, आईबाप दोघं इथले, कोण नाही म्हणेल? मित्रांनीही हेच सांगितलं होतं. ऐकायला अगदी सरळ वाटतं. कायदा नेमका उलट आहे.

कॅनडाच्या इमिग्रेशन नियमांत ११७ (९) (डी) नावाचं एक कलम आहे. तुम्ही पीआर झालात त्या दिवशी तुमच्या कुटुंबात जे माणूस होतं, पण ज्याची तपासणी झाली नाही, त्याला पुढे कधीही कुटुंब म्हणून स्पॉन्सर करता येत नाही. इथे अर्जाच्या दिवशी कोण होतं हा प्रश्नच येत नाही. तुम्ही पीआर झालात तो दिवस धरतात. बाळ सोबत येणार नसलं तरी चालेल, पण त्याची नोंद आणि मेडिकल तुमच्या अर्जात व्हायलाच हवी. ती झाली नाही तर बापाच्या दृष्टीने मुलगी आहे, कोल्हापूरच्या नोंदीत आहे, आणि कॅनडाच्या कुटुंब-वर्गातून बाहेर. शिवाय महत्त्वाची गोष्ट दडवली असा ठपका आला तर कायद्याच्या कलम ४०खाली पाच वर्षांची बंदी, ती वेगळीच.

मी त्याला २००५च्या एका निकालाबद्दल सांगितलं. फिलिपिन्सहून आलेली एक आई १९९३मध्ये मुलीला घेऊन इथे उतरली. दोन मुलगे तिकडे वडिलांपाशी होते, त्यांचा उल्लेख तिने केला नाही. पुढे त्यांना आणायला गेली तेव्हा हेच कलम आडवं आलं, आणि फेडरल कोर्ट ऑफ अपीलनेही कलम उचलून धरलं. सप्टेंबर २०१९पासून सरकारने अशा न कळवलेल्या नात्यांसाठी एक सवलत सुरू केली आहे, पण ती निर्वासित म्हणून आलेल्यांसाठी आणि जे स्वतःच नवरा-बायको किंवा मूल म्हणून स्पॉन्सर होऊन आले त्यांच्यासाठी. शिक्षण आणि नोकरीच्या गुणांवर आलेल्याला तिचा उपयोग नाही. त्याला उरतो तो माणुसकीच्या कारणावरचा अर्ज. वर्षं जातात आणि खात्री कशाचीच नसते. नियम करणाऱ्यांचा हेतू मला समजतो, लोक नाती लपवतात हे मीही पाहिलंय. पण पाच आठवड्यांच्या बाळाच्या बाबतीत या कलमाइतकं कठोर दुसरं काही मला माहीत नाही, आणि ते मी त्याला तसंच सांगितलं.

तो बराच वेळ बोलला नाही. मग विचारलं, "गुण कमी होतील काय माझे?"

नाही. मुलांमुळे गुण बदलत नाहीत. त्याचा अर्ज कॅनडातल्या अनुभवाच्या गटातून होता, म्हणून माणूस वाढलं तरी बँकेतल्या पैशांचा पुरावाही वाढवायचा नव्हता. त्याची खरी अडचण वेगळी होती, आणि ती त्यानेच सांगितली: वर्क परमिट जुलैत संपत होतं. आता हे कळवलं तर फाइल परत अधिकाऱ्याकडे जाणार, महिने लागणार. मग नोकरीचं काय?

त्याची सोय आहे. पीआरचा अर्ज आत असलेल्याला ब्रिजिंग ओपन वर्क परमिट मागता येतं. जुनं परमिट संपायच्या आत अर्ज टाकला की निकाल लागेपर्यंत काम चालू ठेवता येतं. हे ऐकल्यावर तो खुर्चीत नीट बसला.

मग आम्ही कामाला लागलो. त्याने मला प्रतिनिधी नेमल्याच्या फॉर्मवर सही केली. कोल्हापुरात तेव्हा रात्रीचे साडेआठ. बायकोला व्हिडिओ कॉल लावला, तिच्यामागे तिची आई, सासूबाईही मुलीला बघायला आलेल्या. जन्माचा दाखला मागवला. दवाखान्याने नोंद वेळेत केली होती, महापालिकेचा दाखलाही मिळाला होता. पण त्यावर बाळाचं नाव नव्हतं. बारसंच झालं नव्हतं! बाप मे महिन्यात रजा काढून येणार, मग थाटात करायचं, असं ठरलेलं.

नावाविना दाखला चालतो, नंतर नाव घालता येतं. पण नावाविना पासपोर्ट निघत नाही आणि पासपोर्टविना कॅनडाचा व्हिसा नाही. मी सासूबाईंना म्हटलं, "मावशी, नाव आज ठरवून सांगता का?"

"बारशाआधी नाव फोडत नाहीत बाई." आवाज ठाम होता. "आत्यानं कानात सांगायचं असतंय."

त्यांचं मला पटत होतं, खोटं कशाला सांगू. आपल्याकडे पोराला नाव देणं हा काही फॉर्मातला रकाना नव्हे. मुलाने आईला सगळं समजावून सांगितलं, त्याच्या भाषेत. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग बायकांची आपसातली कुजबुज. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "उद्याचा दिस चांगला हाय म्हणूनच तुला थांबवलंवतं. उद्या बारसं करू. इचलकरंजीहून आत्या येईल सकाळी. तू फोनवर बघ."

अशी ती अक्षय्य तृतीया पोर्टलकडून पाळण्याकडे गेली.

बाळाची पहिली खबर मात्र मी उद्यावर ठेवली नाही. खात्याच्या वेबफॉर्मवरून त्याच दुपारी कळवलं: अर्ज क्रमांक, मुलीची जन्मतारीख, आडनाव, नाव अद्याप ठेवलेलं नाही, ते आणि उरलेली कागदपत्रं मागोमाग पाठवतो. जोडीला दाखल्याची प्रत आणि दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड. मुलगी आईबरोबर येणार, तिला अर्जात घ्या, अशी विनंती. मंजुरीच्या मेलवरही उत्तर दिलं की कुटुंबात बदल झालाय आणि त्याचा निर्णय होईपर्यंत अर्जदार पोर्टलवरची संमती देणार नाही. बायकोला सांगितलं, पासपोर्ट व्हिसा केंद्रात नेऊ नका. पोच आल्याचा मेल त्याच्या फोनवर पडला तेव्हा त्याने तो मला दोनदा वाचून दाखवायला लावला.

पुढचे महिने म्हणजे कागदांची धावपळ. दाखल्यात नाव चढवलं. पासपोर्टसाठी दोघा आईबापांचं संमतीपत्र लागतं. बाप इथे, म्हणून त्याच्या सहीचा कागद टोरांटोच्या भारतीय कॉन्सुलेटमधून साक्षांकित करून कोल्हापूरला पाठवला. मुलीचा फॉर्म आणि २६० डॉलर फी भरली. मुलांना कायम रहिवासाच्या हक्काची वेगळी फी लागत नाही. मग खात्याकडून तिच्या मेडिकलचं पत्र आलं. एवढ्याशा बाळाचा एक्स-रे नाही, रक्त नाही, डॉक्टर फक्त तपासतो. पण तो डॉक्टर ठरावीक यादीतलाच हवा. भर पावसाळ्यात आजी, आई आणि तान्ही मुलगी मुंबईला जाऊन आल्या. त्याचं ब्रिजिंगचं परमिट मधे झालं. जूनमध्ये एकदा तो चिडून म्हणाला, "त्या दिवशी तुमच्याकडं आलोच नसतो तर आज पीआर असतो." मी म्हटलं, असतास. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मुलीचा फोटो पाठवला, बाकी शब्द नाही.

मंजुरी पुन्हा आली ती तिघांची. त्याने पोर्टलवर संमती दिली, या वेळी मुहूर्त न बघता. नंतर मायलेकी टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावर उतरल्या. तिथल्या अधिकाऱ्याने बायकोला ठरलेला प्रश्न विचारला: या कागदांवर नाहीत अशी नवरा, मुलं कुणी आहेत का? ती म्हणाली, नाहीत, सगळे आलो. मुलीच्या कागदावर तिनेच सही केली.

ओंटारियोत आरोग्य कार्डासाठी पूर्वी तीन महिने थांबावं लागायचं, मार्च २०२०मध्ये ती अट गेली. त्यामुळे त्याच आठवड्यात मायलेकींच्या कार्डांचे अर्ज झाले. सुपर व्हिसाचं काम आता माझ्याकडेच आहे. आजी-आजोबांच्या विम्याचे दर मागवलेत, आणि मुलीच्या लसीचं मराठीतलं कार्ड इथल्या डॉक्टरसाठी इंग्रजीत करून द्यायचंय.