ज्याला दोन वायरी, तेच उडालं

वीज घरावर पडली नव्हती आणि लाईटही गेली नव्हती. पंखा फिरत होता, फ्रिज चालू होता. तरी एका कडकडाटात सीसीटीव्ही, हॉलमधला टीव्ही, राऊटरचा एक पोर्ट आणि गच्चीवरच्या सोलर इन्व्हर्टरचं कम्युनिकेशन असं सगळं एकदम मुकं झालं. गुहागर तालुक्यातल्या समुद्रालगतच्या एका होमस्टेची ही केस, परतीच्या पावसातली. कोकणात जुलैतल्या धो-धो पावसापेक्षा मे-जूनचे वळीव आणि ऑक्टोबरचे गडगडाट इलेक्ट्रॉनिक्सच्या जास्त मुळावर येतात. आमच्या दुकानाच्या बाकावर उडालेल्या बोर्डांचा ढीग लागतो तो याच दोन हंगामांत.

मालकांचा मुंबईहून आलेला भाचा इंजिनीअरिंगला आहे. त्याचं मत ठरलेलं होतं. "भाऊ, वीज पडली असती तर फ्यूज गेला असता, मीटर जळला असता. हे मायक्रोवेव्ह हत्यारासारखं वाटतंय. समुद्रातून कोणीतरी मारा केलाय."

कल्पना अगदीच हवेतली नाही. ताकदवान रेडिओ लहरी सोडून इलेक्ट्रॉनिक्स निकामी करणारी अशी साधनं जगात आहेत. अमेरिकी हवाई दलाची 'थॉर' नावाची ड्रोनविरोधी मायक्रोवेव्ह यंत्रणा वीस फुटी कंटेनरमध्ये मावते. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'काली' हा इलेक्ट्रॉन प्रवेगक याच विषयाच्या चर्चेत नेहमी येतो. एप्रिल २०२५ मध्ये कर्नूलला डीआरडीओने ३० किलोवॉटच्या लेझरने ड्रोन पाडून दाखवला. पण लेझर जिथे पडतो तिथे जाळतो. भिंतीआडचा राऊटर त्याला सापडत नाही. मायक्रोवेव्हचा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर घरातच पडलेलं होतं.

आधी जिवंत काय राहिलं ते बघितलं. उडालेल्या वस्तूंची यादी सगळेच करतात, वाचलेल्यांची कोणी करत नाही, आणि खरी माहिती तिथेच असते. चार्जरला लावलेले मोबाईल ठीक. भिंतीवरचं सेलचं घड्याळ, एसीचे रिमोट, गाडीची चावी, कॅल्क्युलेटर, सगळं ठीक. खोल्यांतले टीव्ही वायफायवर चालणारे, तेही ठीक. हॉलमधला टीव्ही मात्र गेला. त्याच्या सेट-टॉप बॉक्सला गच्चीवरच्या डिशची केबल होती. एनव्हीआरला, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डबीला, पॉवर आणि लॅन (नेटवर्कची केबल). फाटकावरच्या कॅमेऱ्याला पॉवर आणि लॅन. राऊटरला येणारा फायबर शाबूत, पण स्विचकडे जाणारा लॅन पोर्ट मेलेला. इन्व्हर्टरचा पॉवरचा भाग चालू, खाली मीटरकडे जाणारी आरएस-४८५ ची (माहिती नेणाऱ्या दोन तारांची) जोडी बंद. म्हणजे ज्या उपकरणात दोन वेगवेगळ्या वाटांनी तांबं शिरत होतं, तेच उडालं होतं.

मायक्रोवेव्हचा मारा असं निवडून मारत नाही. ३ गिगाहर्ट्झला तरंगलांबी १० सेंटीमीटर, म्हणजे काही सेंटीमीटरचा बोर्डावरचा ट्रॅक किंवा डबीची फटसुद्धा अँटेनाचं काम करते. रिमोट आणि कार-की आधी गंडल्या असत्या. शिवाय अशा माऱ्यात बरेचदा उपकरण नुसतं हँग होतं, रीस्टार्ट केलं की परत चालू. डोळ्यांना दिसेल अशी जखम राहीलच असं नाही. विजेची बहुतेक ऊर्जा एक मेगाहर्ट्झच्या खाली असते. तिला पकडायला लांब वायर लागते. १९६२ साली 'स्टारफिश प्राइम' अणुचाचणी ४०० किलोमीटर उंचीवर झाली आणि सुमारे १४५० किलोमीटरवरच्या हवाईत रस्त्यावरच्या दिव्यांच्या काही माळा विझल्या, तिथेही लांबच लांब वायरींनीच तो झटका गोळा केला होता.

मग एनव्हीआर उघडला. लॅन पोर्टमागच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला काही दिसत नव्हतं, पण शेजारचा २ केव्हीचा सिरॅमिक कपॅसिटर मधोमध चिरलेला, त्याच्याखाली सोल्डर मास्कवर काळा ओरखडा. मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून ट्रान्सफॉर्मरच्या चिपकडच्या पिनांवर मोजलं. चांगल्या बोर्डावर तिथे ०.४ ते ०.५ व्होल्ट दिसायला हवं. इथे जवळपास शून्य. म्हणजे नेटवर्कची चिप आतून शॉर्ट. इन्व्हर्टरच्या ४८५ च्या आठ पायांच्या चिपवर तर डोक्यात खळगाच पडलेला होता. सगळे पॉवर सप्लाय मात्र सुखरूप: फ्यूज शाबूत, व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज गिळणारा भाग) जसाच्या तसा, ४०० व्होल्टचा मोठा कपॅसिटर सपाट.

ही शेवटची ओळ महत्त्वाची. कोकणात पावसाळ्यात न्यूट्रल (प्रवाहाची परतीची वायर) तुटणं नेहमीचं, आणि गिऱ्हाईक तेही "वीज पडली" म्हणूनच सांगतं. न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या घरात ४१५ पर्यंत व्होल्टेज चढू शकतं. त्याचं शिखर ५८० च्या पुढे जातं, ४०० व्होल्टचा कपॅसिटर फुगून वास मारतो आणि ४७१ नंबरचा व्हॅरिस्टर कोळसा होतो. तो तर ३०० व्होल्ट एसीपुरताच बनलेला. अशा वेळी ज्याला नुसती पॉवरची वायर आहे, ते आधी जातं. इथे बरोबर उलट चित्र होतं.

एनव्हीआरची हार्डडिस्क काढून दुकानात वाचली. शेवटच्या चित्रात फाटकाकडची बाग पांढरीफट्ट, पुढे काही नाही. त्याच दिशेला, फाटकापासून साधारण शंभर मीटरवर, एका माडाचा शेंडा करपून झावळ्या खाली लोंबत होत्या.

आता हिशोब. शंभर मीटरवर पडलेल्या विजेचा प्रवाह मायक्रोसेकंदाला ३० किलोअँपिअरने चढला, तर चुंबकीय क्षेत्र सेकंदाला ६० टेस्लाच्या वेगाने बदलतं. इतक्या वेगाने ते फार थोडा वेळ बदलतं, पण तेवढा पुरतो. फाटकाच्या कॅमेऱ्याची लॅन केबल घरातून गडग्यावरून साठ मीटर आलेली, आणि त्याची १२ व्होल्टची पॉवर दुसऱ्या बाजूने, गॅरेजमधल्या अडॅप्टरवरून. दोन्हींच्या मध्ये सरासरी दोन मीटर अंतर धरलं तरी १२० चौरस मीटरचा लूप, म्हणजे वायरींनी वेढलेली जागा. बदलतं चुंबकीय क्षेत्र अशा लूपमध्ये व्होल्टेज उठवतं. ६० गुणिले १२०, म्हणजे ७२०० व्होल्ट. अंदाज ढोबळ आहे, पण लॅनच्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन १५०० व्होल्ट एसीला तपासलेलं असतं, तेव्हा निम्मा धरला तरी ते फुटणारच.

याच्या जोडीला अर्थिंगचा घोळ होता. कॅमेरे बसवणाऱ्याने एनव्हीआरच्या कपाटासाठी "क्लीन अर्थ" म्हणून वेगळा खड्डा मारलेला, घराच्या मुख्य अर्थला न जोडलेला. डिशचा खांब तिसराच, कशालाच जोडलेला नाही. हा वेगळ्या खड्ड्याचा आग्रह वायरमन मंडळींच्या डोक्यातून जात नाही. शंभर ओहमच्या खड्ड्यात एक किलोअँपिअर शिरला तरी तो खड्डा दुसऱ्याच्या तुलनेत एक लाख व्होल्टने उचलला जातो, आणि दोघांमधला पूल म्हणजे तुमचा एनव्हीआर. जांभ्यात शंभर ओहमसुद्धा चांगले म्हणायचे. जमिनीची रोधकता हजार ओहम-मीटर असेल, तर तीन मीटरच्या एका रॉडला ३३० ओहमच्या आसपास मिळतात. मीठ-कोळसा ओतून पावसाळ्यात आकडा उतरतो, मार्चमध्ये परत चढतो, आणि मिठाने जीआय पट्टी खाल्ली जाते ती वेगळीच.

काम केलं ते असं. वेगळा खड्डा रद्द न करता तो, डिशचा खांब, इन्व्हर्टरची फ्रेम आणि पंपाचा स्टार्टर हे सगळं मुख्य अर्थच्या पट्टीला जोडलं. आकडा कमी करण्यापेक्षा सगळे एकत्र वर-खाली होणं जास्त कामाचं. तरी आकडाही उतरवला: जीआयची पट्टी माडांच्या रांगेतून, आळ्यांच्या ओल्या मातीतून अर्धा मीटर खोल, वीस मीटर आडवी टाकली. रोज शिंपण होणारी ही माती जांभ्यापेक्षा कितीतरी चांगली. आधी १८० ओहम दाखवणारा टेस्टर १६ वर आला.

मेन बोर्डात टाईप-२ चा एसपीडी (विजेचा झटका अर्थकडे वळवणारं साधन) लावला, ४० किलोअँपिअरचा, ३२० व्होल्टचा. २७५ चा घेतला नाही, कारण गावाकडे रात्री व्होल्टेज फार चढतं आणि तो विनाकारण म्हातारा होतो. फेज आणि न्यूट्रलमध्ये व्हॅरिस्टर, न्यूट्रल आणि अर्थमध्ये गॅस ट्यूब अशी जोडणी. त्याच्या वायरी मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवायच्या. सरळ वायरीला मीटरमागे साधारण एक मायक्रोहेन्री धरा. मायक्रोसेकंदाला एक किलोअँपिअर चढला की मीटरभर वायरीवरच हजार व्होल्ट पडतात, ते एसपीडीच्या आकड्यात मिळवावे लागतात. वायरमन नीटनेटकं दिसावं म्हणून वायरीची गुंडाळी करून बोर्डात बसवतो, तेव्हा ती गुंडाळी आधी सोडवा. आणि एसपीडी न्यूट्रल तुटण्यापासून वाचवत नाही. त्यासाठी ओव्हर-व्होल्टेज रिले वेगळा बसवला.

फाटकापर्यंत लॅनऐवजी फायबर नेला, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा सिग्नल लॅनमध्ये बदलणारी डबी). इथे एक खोच आहे: ड्रॉप फायबरच्या कडेला ताणासाठी स्टीलची तार असते. ती तशीच घरात आणली तर तांब्याची केबल काढून काय मिळवलं? दोन्ही टोकांना ती आधीच छाटायची. पॉवर आता घरातूनच, फायबरच्याच नळीतून. आरएस-४८५ ला नवी चिप आणि तिच्याआधी एसएम७१२ चा सप्रेसर (झटका दाबणारा भाग). स्विचचे दोनच पोर्ट गेले होते, "बाकीचे चालतात ना, मग राहू दे" असं मालकांचं म्हणणं. पण अर्धवट मार बसलेला स्विच महिनाभराने गरम होऊन लटकतो आणि मग दोष नव्या कामावर येतो. बदलायला लावला.

भाच्याने मोबाईलवर विजेची सूचना देणारं 'दामिनी' ॲप घेतलंय. वादळाची सूचना आली की नुसता प्लग काढून भागत नाही. डिशची आणि लॅनची वायरही ओढायची, हे त्याला दाखवून ठेवलं.

सोलरची डीसी बाजू अजून राहिली आहे. पॅनलच्या वायरी गच्चीवर मोकळ्या पसरल्यात, प्लस एका कडेने, मायनस दुसऱ्या कडेने, म्हणजे पुन्हा तोच लूप. त्या एकत्र बांधून डीसीचाच एसपीडी बसवायचा आहे. एसीचा तिथे चालत नाही, कारण डीसीला शून्यावरून जाणं नसतं आणि पेटलेली ठिणगी विझत नाही.